बारशाआधीची लेकरं

“या माळाचा गावाला नेमका उपयोग काय, ते एकेकाने सांगा,” नायब तहसीलदार मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पॅडवर कोरा कागद लावला.

आम्ही माळावरच उभे होतो, पण तारेच्या कुंपणाच्या आत. फाटकावर वॉचमननं प्रत्येकाचं नाव वहीत लिहून घेतलं होतं. रंभाजीबाबांच्या माळावर पाय टाकायला नाव सांगावं लागतं, हे माझ्या सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. तीस एकर दगडगोटे, पण मालकी रंभाजीबाबांची. “माळाला कुठं दार आसतं व्हय?” म्हणायचे. ते असेपर्यंत कुणाला अडवलं नाही. ते गेले आणि नातवानं, प्रशांतनं, माळ पुण्याच्या पार्टीला विकला. इथं म्हणे झोपड्यांसारखी हॉटेलं होणार आणि लोक सूर्यास्त बघायला येणार. चैत्रात तार आली, वैशाखात जेसीबी. गावानं अर्ज केला, त्याची ही स्थळपाहणी.

सरपंच आदिनाथ पुढं झाला. “गुरं चारतो, मॅडम. सरपन आनतो. बायका सीताफळं आनत्यात. तिसगावच्या बाजाराला जायची वाटबी हितनंच हाय.”

पार्टीच्या वकिलांकडं सगळ्याला उत्तर होतं. गुरांना गायरान आहे. गॅस घरोघरी आहे. वाट म्हणाल, तर गावनकाशावर वाट नाही.

“आणखी काही? देऊळ? स्मशान?” मॅडमनी विचारलं.

बायका एका बाजूला पदर सावरून उभ्या होत्या. त्यांत माझी बायको मुक्ताबाईही होती. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी खाली मान घातली होती. मी या गावचा कोतवाल. तलाठ्याचं दप्तर वाहायचं आणि साहेबापुढं तोंड उघडायचं नाही, हे काम मी तीस वर्षं इमानानं केलं. रिटायर झाल्यावर तरी वेगळं काय करणार होतो? पण त्या दिवशी तोंड आपोआप उघडलं.

“स्मशान हाय, मॅडम. लेकरांचं.”

आमच्याकडं बारशाआधी गेलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. पिढ्यान्‌पिढ्या ती लेकरं याच माळावर आली. भागिरथी सुईण माझ्या दारात येऊन नुसती उभी राहायची, बोलायची नाही. मग मी कुदळ घ्यायचो. बाप बरोबर असायचा, आणि बापाचे पाय चालले नाहीत तर मी एकटाच. खड्ड्यात मीठ टाकायचं, वर दगड रचायचे, दगडांवर बोरीची काटी टाकायची, म्हणजे कुत्रं उकरत नाही.

“नोंद आहे का?” वकिलांनी विचारलं. “गावात जन्ममृत्यूची खबर देण्याचं काम कोणाचं होतं?”

“माझं.”

“मग या मुलांची दिलीत?”

“न्हाई, साहेब. नाव ठिवलेलं नसायचं. काय सांगायचं?”

वकिलांनी मॅडमकडं पाहिलं. सांगण्यासारखं मला खूप होतं. खबर दिली की चौकशी आली, कागद घेऊन कुणीतरी बाळंतिणीच्या दारात जाणार, आणि तिला तेच सगळं पुन्हा ऐकावं लागणार. म्हणून मी गप्प राहायचो. यालाच मी दया समजायचो. खोटं कशाला बोलू, त्याचा थोडा ताठाही होता. माझी स्वतःची पोर नवव्या दिवशी गेली, तिचीही खबर मी दिली नाही.

मॅडम समजूतदार होत्या. “निदान जागा दाखवा, काका. एक जरी दाखवलीत तरी पंचनाम्यात घेते.”

इथंच माझं अवघड झालं. जागा आईला सांगायची नाही, हा आमचा नेम. जागा कळली की बाई तिथं जाऊन बसणार, तिचं मन घरात लागणार नाही, असं जुनी माणसं म्हणायची. त्यामुळं गावातल्या अशा बायका सरपण म्हणून, शेरडं म्हणून साऱ्या माळावर फिरायच्या आणि आपापल्या मनानं एखादी जागा धरायच्या. मुक्तानं वरच्या अंगाचं हिवराचं झाड धरलं होतं. चौतीस वर्षं ती शेरडं सोडून त्या हिवराखाली बसत आली. पोर तिथं नव्हती. ती खाली घळीच्या तोंडाशी होती. मला ठाऊक होतं आणि मी एकदाही बोललो नाही. चुकीच्या जागी का होईना, बसते तर बसू दे, म्हणायचो.

मी घळीकडं निघालो. मागं मॅडम, वकील, त्यांच्या मागं बायका. घळीच्या तोंडाशी पाण्याची टाकी बांधलेली. सिमेंट अजून ओलसर होतं. आमचे दगड जोत्यात गेले होते. मी वळलो आणि सगळ्यांना घेऊन हिवराखाली आलो.

“हितं,” म्हटलं. “माझी पोर हाय हितं.”

मागं बायका रडायला लागल्या. मुक्ता रडली नाही. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि पदर नीट केला. मी खोटं बोललो ते तिच्यासाठी. एवढी एक जागा तरी तिला मोकळी राहावी, एवढीच इच्छा होती.

श्रावणात निकाल आला. तो मीच वाचून दाखवला, असले कागद वाचण्यात जन्म गेला माझा. नोंद नाही, पुरावा नाही, सबब अर्ज फेटाळण्यात येतो. ‘तत्कालीन कोतवालाने खबर दिल्याचे आढळत नाही’, असंही एक वाक्य होतं. ते मी गाळलं नाही.

“तुमचा दोष न्हाई, अन्ना,” आदिनाथ म्हणाला. पोरगा मनाचा चांगला आहे. पण दोष माझाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्तानं शेरडं सोडली आणि डांबरी रस्ता धरला. आता रस्त्याच्या कडेचंच गवत. कांद्याचे टेम्पो अंगावरून जात होते, म्हणून मीही काठी घेऊन बरोबर गेलो.

“हिवराखाली न्हवती ती,” मुक्ता म्हणाली.

मी थांबलो. ती थांबली नाही.

“पयल्या वर्षीच कळलं मला. तुमी घळीकडनं कंदी पाय न्हाई टाकला. लांबनं वळसा घालून यायचा.”

“मंग हिवराखाली का बसायचीस?”

“तिथनं घळ दिसायची.” तिनं एका करडाला रस्त्यावरून हाकललं. “जवळ जाऊन बसले आसते, तर तुमाला कळलं आसतं मला ठावं हाय म्हनून. तुमी नेम पाळीत हुता.”

चौतीस वर्षं मी तिला सांभाळतोय असं धरून चाललो होतो.

“एक इचारू?” ती म्हणाली. “आता सांगाया काय हरकत न्हाई.”

“इचार.”

“कोन्त्या कुशीवर ठिवली हुती?”

“डाव्या,” मी म्हणालो. “गावाकडं तोंड करून. तुझ्याच जुन्या लुगड्यात. तोंडावर माती पडू नये म्हनून पदर वडून घेतला हुता.”

“कोन्तं लुगडं?”

“हिरवं.”

तिनं मान डोलावली. मागून टेम्पोचा हॉर्न वाजला, तशी आम्ही दोघांनी मिळून शेरडं कडेला घेतली.