आठ आठवडे

नवजात बाळांच्या कक्षात तिला सगळे तारवाली ताई म्हणत. मुठीएवढ्या डोक्यांवर बारीक तारा चिकटवायच्या आणि मेंदूतल्या विजेचा आलेख काढायचा, हे तिचं काम. वाचायचं काम डॉक्टरांचं. आलेखाबद्दल आईबापांपाशी तोंड उघडायचं नाही, हा नियम तिने बारा वर्षं पाळला आणि काल मोडला.

एका बाळाची आई दाराशी तिची वाट अडवून उभी राहिली होती. "नुसतं एवढंच सांगा, बरं आहे ना?" डॉक्टरांनी नुकताच 'वयाला साजेसा' असा शेरा दिला होता. ताईला राहवलं नाही. "अगदी छान आहे हो," ती म्हणाली. नको तिथे जीभ सैल सुटली, दुसरं काय!

आज फाइल लावताना आठ आठवड्यांच्या वजनाचा तक्ता समोर आला आणि तिला आपली चूक दिसली. बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलं, हे खरं. पण त्याला जन्मूनही आठ आठवडे झाले होते. फॉर्मवर ते मिळवून अडतीस लिहायचे असतात. तिने नुसते तीस लिहिले होते. तीस आठवड्यांच्या मेंदूत लहरींचा एक झपाटा येतो, मग दहा-दहा सेकंद सामसूम. त्या वयात ते चालतं, मेंदू अजून शिकाऊ असतो. अडतिसाव्या आठवड्यात एवढी सामसूम म्हणजे काहीतरी बिघडलंय.

तिने जाऊन चूक सांगितली. डॉक्टरांनी आलेख पुन्हा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "मेंदूला इजा झालेली दिसतेय. किती, ते पुढे कळेल. आईला बोलवा, मी सांगतो."

"आधी मी जाते," ताई म्हणाली. "काल मीच सांगितलं होतं त्यांना."

आई खुर्चीत रेलली होती, बाळ तिच्या छातीशी. ताईला बघून ती हसली. "या ना! आठ आठवडे मी याला हात लावला नव्हता. म्हटलं, राहायचाच नसेल तर जीव कशाला लावायचा? सासूबाई म्हणाल्या, काळीज आहे की दगड! काल तुम्ही सांगितलंत आणि घेतला जवळ. आता खाली ठेववत नाही बघा."

ताई खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली.

"हळू बोला हं," आई म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

ताईने हळूच सांगितलं.