चोविसावी रेघ

सांगा बरं, जीव अडकला तर माणसानं कुणाच्या भरवशावर राहावं? डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्याच्या, की तिळभरही विश्वास नसणाऱ्याच्या? घाई करू नका. मीही आधी चुकलेच असते.

मी बांबूची काठी बोलतेय. उंची साडेचार फूट, तळाला लोखंडी कडं, वर लाल दोरी. जन्म औंढे गावातल्या एका बांधावरच्या बेटातला, वाढ मात्र लोहगडवाडीत, बयाबाईंच्या टपरीवर. दुकानात वाढले, तेव्हा बोलणं जरा दुकानी वाटेल. गोड मानून घ्या.

बयाबाई लिंबू सरबत विकतात, भजी तळतात आणि गडावर जाणाऱ्यांना काठ्या देतात. शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत. हिशेब आपल्या आपण शिकल्या. काठी गेली की टपरीमागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. काठी परत आली की ओल्या बोटानं रेघ पुसायची. सांजेला भिंत कोरी झाली, तरच बाईंना भाकरी गोड लागते.

आम्ही काठ्यांनी माणसं फार पाहिली. चढताना माणूस काठी मिरवतो, तिच्यासह फोटो काढतो. उतरताना तीच त्याला जड होते. कुणी ती पायरीवर विसरतं, कुणी झुडपात भिरकावतं. म्हणून बाईंचं ठाम मत, "शेरातला मानूस लय गोड बोलतोय, पर काठी माघारी आणत न्हाई."

एका जानेवारीत सुहास आले. लोणावळ्याचे, नोकरदार, पण खरा जीव डोंगरात. हिमालयातली तीन शिखरं चढलेले. दर रविवारी पोरांना दोरावरून कडा चढायला शिकवायचे. त्या दिवशी गुडघा कुरकुरत होता, म्हणून काठी मागितली. बाईंनी मला काढून दिलं आणि कोळसा उचलला. त्या दिवसाची ती चोविसावी रेघ.

"मावशी, तीस वर्षं येतोय मी. माझ्या नावाचीसुद्धा रेघ?"

"रेघ तुमची न्हाई, काठीची हाय."

"सांज व्हायच्या आत आणून देतो."

"समदे तसंच म्हंत्यात."

दुपारी शिकवणं संपलं. सुहासनी पोरांना गाडीनं पुढं पाठवलं आणि पुढच्या रविवारसाठी नवा कडा बघायला ते एकटेच शेजारच्या विसापूर गडाच्या अंगाला वळले. कडे राहिले बाजूला. जिथून बयाबाईंच्या शेळ्या रोज जातात, त्या वाटेवर मुरूम सरकला आणि माणूस वीस फूट खाली. मी वरच करवंदीच्या जाळीत अडकले. खाली एका अरुंद टप्प्यावर सुहास, पाय मोडलेला. फोन आणखी खाली दरीत गेला.

मी वरून सगळं बघत होते. ते रडले नाहीत असं नाही. रडले, मग डोळे पुसून कामाला लागले. पाठपिशवीचे पट्टे कापून पाय बांधला. बाटलीत थोडंच पाणी होतं. तिच्यावर नखानं तीन खुणा केल्या. एक घोट आता, एक पहाटे आणि एक माणूस दिसेल तेव्हा. पुढं कितीही तहान लागली तरी खूण मोडली नाही. असा शिस्तीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आवाज बसेपर्यंत हाका मारल्या. पण ऐकणार कोण? गाडीत त्यांची शिष्या अमृता म्हणाली होती, "सर पोचतील ना नीट?" त्यावर सगळे हसले. "सरांची काळजी आपण करायची?" घरी त्यांच्या पत्नी रजनीबाईंना वाटलं, तळेगावला मित्राकडे राहिले असतील, नेहमीप्रमाणे. हे सगळं मला पुढं कळलं. सगळ्यांचा त्यांच्यावर पुरेपूर विश्वास होता, म्हणून कुणीच शोधायला निघालं नाही.

लोहगडवाडीत मात्र भिंतीवर एक रेघ उरली होती.

उजाडताच बयाबाईंनी शेळ्या राखणाऱ्या पुतण्याला, गेणूला, गाठलं. "त्यो गुडघंवाला कुटं गेला रं?"

"इसापूरच्या अंगाला गेल्ता. एका काठीसाठी कशाला पाय मोडतीस, चुलते?"

"आज एक सोडली तर उद्या समद्या जात्याल."

आल्या की बाई तरातरा. जाळीत माझं कडं चमकलेलं त्यांनी लांबून हेरलं. मला ओढून काढताना तोंडाचा पट्टा चालूच, "दिली न्हवं फेकून! मोठा इस्वासाचा. मेला कुटला!"

खालून घोगरा आवाज आला, "मावशी, अजून मेलो नाही."

बाईंनी वाकून खाली पाहिलं. मग त्यांनी अशी आरोळी ठोकली की गेणू शेळ्या सोडून धावला. चार गडी आले, घोंगडीची झोळी झाली. खाली सुहासनी बाटली तोंडाला लावली आणि तिसरा घोट घेतला.

पुढं सुहासचा पाय सांधला. रजनीबाई शाळेत मराठी शिकवतात. नववीला 'उपरोध' शिकवायचा, म्हणून त्यांनी एकदा बयाबाईंना वर्गात बोलावलं आणि मलाही मागून घेतलं; भिंतीवर पुन्हा माझी रेघ आली. आधी पोरांना विचारलं, उपरोध म्हणजे काय? श्रीयश नावाचा मुलगा म्हणाला, "मी दहाला उठलो की आई म्हणते, या महाराज, लवकर उठलात." वर्ग हसला.

"बरोबर. तिथं माणूस उलटं बोलतो. कधी कधी प्रसंगच उलटा बोलतो," असं म्हणून रजनीबाईंनी ही हकीकत सांगितली. शेवटी फळ्यावर 'मायेनं' असं लिहून त्या म्हणाल्या, "आणि मावशी आईच्या मायेनं धावून आल्या."

"न्हाई वो," बयाबाई बाकावरून म्हणाल्या. "पोरास्नी खोटं कशाला सांगताय? मी तुमच्या मालकास्नी न्हाई, काठी हुडकाया गेलते. वर शिव्या घातल्या त्या येगळ्याच."

मग मागच्या बाकावरची श्रद्धा म्हणाली, "म्हणजे करायला गेले गणपती आणि झाला मारुती?"

"माझं उलटं झालं, बाय. मी मारुतीच कराया गेलते, गणपती झाला."

रजनीबाईंनी फळ्यावरचा 'मायेनं' शब्द पुसला आणि तिथं 'संशयानं' लिहिला. त्या क्षणी धडा पोरांना कळला. मायेच्या गोष्टी त्यांनी शंभर ऐकल्या असतील. पण जो आपल्याला चोर समजला, त्याच्याच पायांनी आपला जीव वाचला, ही गोष्ट ती बाई खरं बोलली म्हणूनच हाती लागली. श्रेय आयतं चालून आलेलं असताना ते परत करणारं माणूस मी दुकानात काय, शाळेतही क्वचितच पाहिलं.

निघताना रजनीबाईंनी मला वर्गासाठी मागितलं. बयाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हितंच. पर रेघ न्हाई पुसायची."

आता चार वर्षं मी या वर्गाच्या कोपऱ्यात उभी आहे. दोरी विटली, कडं गंजलं. तिकडं दर दिवाळीला टपरीची भिंत सारवली जाते आणि बाई माझी रेघ पुन्हा ओढतात. काठी आलेली नाही, तर आली कसं म्हणायचं?

तुम्ही लोहगडवाडीला गेलात, तर ती एकटी रेघ बघा. प्रेमापोटीसुद्धा पुसू नका. आणि उद्या कुणी तुमच्या खात्यावर तुमचा नसलेला चांगुलपणा मांडू लागला, तर हात जोडून सांगा, एवढा माझा नाही. हिशेब तेवढा खरा ठेवा.