मोरांच्या डोळ्यांचा रंग

रसिका मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायची आणि सुट्टीत मराठी घरांतल्या ठिपक्यांच्या रांगोळ्या जमवायची. बायका तिच्या ॲपमध्ये मोबाइलवर ठिपके जोडायच्या. कोणता ठिपका कोणाला जोडला, याची लांबलचक यादी ठराविक क्रमाने डेटाबेसमध्ये उतरायची. एकच रांगोळी दोनदा यायला नको होती, पण एवढ्या लांब मजकुरावर डेटाबेस तशी अट घालू देईना. म्हणून तिने प्रत्येक यादीचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने निघणारा छोटासा ठसा, काढला. यादी केवढीही असो, हॅश चौसष्ट अक्षरांचाच. त्याच्या रकान्यावर तिने अट घातली.

एका दुपारी डभोईहून फोन आला.

"मी शैला. तुमचं ॲप माझी रांगोळी घेत नाही, बेन. 'आधीच आहे' म्हणतं. ही तर माझ्या आईने रचलेली!"

दोन वेगळ्या याद्यांचा हॅश सारखा येणं जवळजवळ अशक्य, तरी रसिकाने दोन्ही याद्या शेजारी मांडल्या. रेघ न् रेघ जुळली. मधे कमळ, कडेने मान वळवलेले मोर. आधीची नोंद रसिकाच्याच आईची, नयनाची होती.

"आई, ही तूच रचलीस ना?"

नयनाने नकारार्थी मान हलवली.

"नवी नवरी होते. एसटी डभोईला थांबली. दाट धुकं. एका दारापुढे ही रांगोळी, जमिनीपासून जराशी वर तरंगल्यासारखी. बस हलेपर्यंत मी ठिपके मोजले. घरी काढली तर सासूबाई म्हणाल्या, 'तुझीच का गं?' मी हो म्हटलं. मग चाळीस वर्षं होच म्हणत आले. पुढेपुढे वाटायला लागलं, स्वप्नातच पाहिली असेन."

तिने स्वतःच फोन लावून शैलाला सगळं सांगितलं, माफी मागितली.

"आई गेल्यावर मी ती नुसती आठवून काढत होते," शैला हळूच म्हणाली. "कुठे चुकले असेन, हीच धास्ती होती. म्हणजे बरोबर आठवली मला."

रसिकाने नावांसाठी डेटाबेसमध्ये वेगळं टेबल केलं. रांगोळी एकच राहिली; रचणारी शैलाची आई मैनाबाई, जपणाऱ्या दोघी.

त्या दिवशी फोन ठेवता ठेवता नयनाने शैलाला विचारलं होतं, "मोरांचे डोळे कोणत्या रंगाचे होते हो? धुक्यात दिसलेच नाहीत."

"हळदीचे."

"मी निळे भरत आले," नयना म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या.