पेडलवर कोण होतं?

शिवकांताचा जन्म पेडल दाबण्यात गेला. मेकॅनिक नवरा मल्लिनाथ गाडीखाली आडवा पडून ओरडायचा, "दाब! धर!" हिनं ब्रेक दाबून धरायचा, त्यानं चाकाजवळचं निपल सैल करून पाइपातली हवा काढायची. शिरूर अनंतपाळात मल्लिनाथच्या हाताचं कोण कौतुक! हिच्या पायाचं नाव कुणी कधी काढलं असेल तर शपथ.

त्या दिवशी गाडी जावयाची होती, वीस वर्षांची मारुती. महांतेश देवणीहून बायकोला, सुकन्याला, आणि तीन महिन्यांच्या लेकराला न्यायला आला होता. सासरा हौसेनं म्हणाला, "जुनं ब्रेक ऑइल बदलून देतो, मग जावा."

तीन चाकं झाली. चौथ्याला मल्लिनाथचा मोबाइल वाजला. बोलता बोलता हात चालूच, आणि शिवकांताच्या पायाखाली पेडल एकदम पोकळ झालं. बोनेटच्या फटीतून तिला दिसलं, ब्रेक ऑइलची डबी खडखडीत रिकामी; बोलण्याच्या नादात भरत राहायची राहिली होती. मल्लिनाथनं ती गुपचूप भरली आणि झाकण लावलं.

"अहो, हवा शिरली आत. पेडल मऊ लागायलंय. पुन्हा पहिल्यापासनं काढा."

जावयासमोर बायको शिकवणार? मल्लिनाथ उसळला. "मेकॅनिक मी हाय का तू? उतर खाली!"

शिवकांता उतरली ती सरळ नातवाला उचलून दारात बसली. "ह्या गाडीत लेकरू न्हाई बसायचं. सुकन्याबी न्हाई."

"मामी, लई झालं आता," म्हणत महांतेश तणतणत एकटाच निघाला. चौकाच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. गाडी पाण्याच्या टाकीवर आदळली, महांतेशचा हात मोडला.

दवाखान्यात पाहुणे जमले. मल्लिनाथ कपाळाला हात लावून सांगत होता, "माझं काम चोख होतं हो. पेडलवर ही होती, हिनं नीट धरलंच न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेल्यांना मान हलवायला काय लागतं! शिवकांताला वाटलं, सुकन्या बोलेल. अंगणातच होती की ती, सगळं ऐकलं होतं तिनं. नातू आजीच्या मांडीवर गाढ झोपला होता.

सुकन्यानं नवऱ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं. मग खाली बघत म्हणाली, "आई, लक्ष कुठं होतं गं तुझं?"