जुन्या ग्रुपवरची चावी

हॉटेलात चावी नावाची वस्तूच नाही हे कळल्यावर दादाला जो आनंद झाला, तो त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नसेल. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की खोली फोनने उघडते. ज्याच्या नावावर बुकिंग, त्याने घरच्यांना लिंक पाठवायची, लिंक दाबून फोन कुलपाशी धरला की दार उघडतं. तिन्ही खोल्या दादाच्या नावावर होत्या. दादा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर, त्यामुळे बटण दाबलं आणि काहीतरी उघडलं की त्याचा जीव सुपाएवढा होतो. सामान अजून ट्रॉलीवर होतं, तेवढ्यात त्याने तिन्ही लिंका घरच्या ग्रुपवर टाकल्या आणि जाहीर केलं, "आता कुणी कुणासाठी दारात ताटकळायचं नाही. कुणीही कुठेही शिरा!"

शिरायला या घरात परवानगी कधी लागत होती म्हणा! घरी कुणी दुपारी दार लोटून पडलं, तर आई बाहेरून विचारायची, "बरं नाही का गं?" बरं असलेल्या माणसाला दार कशाला लागतं, हा तिचा साधा हिशोब. इथेही तेच सुरू झालं. दाराचं कुलूप 'टुण' करायचं आणि कुणीतरी आत. आई बाम शोधत यायची, वहिनी टाचण्या मागत यायची, दादा नुसताच यायचा, या खोलीतला एसी जास्त गार आहे का ते बघायला.

दादाची धाकटी बहीण मात्र प्रत्येक 'टुण'ला दचकत होती. ती एका प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करते. भल्याभल्यांना न सापडणारी शीर ती नुसत्या बोटाने चाचपून शोधते, आणि तिचाच हात दाराच्या आवाजाने थरथरतो, याची घरात भरपूर थट्टा झाली. "अगं, आपलंच हॉटेल असल्यासारखं राहा," दादा म्हणाला. ती हसली. तिला हसायला यायला हवं होतं, म्हणून हसली.

तिच्या दचकण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण सुट्टीत ते काढायचं नाही असं ठरलं होतं. गेल्या वर्षी ती मुलीला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघून आली. त्यानंतर एकदा तो शाळेच्या फाटकातून मुलीला परस्पर घेऊन गेला होता. फोन बंद, घर बंद. दोन दिवस तिच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. शेवटी मुलगी परत मिळाली, तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, "तू नको मला. पण पोरगी माझी आहे. पुढच्या वेळी सापडणार नाही." प्रकरण कोर्टात गेलं, तारखा पडू लागल्या, आणि धाकटी रोज मुलगी शाळेतून बाहेर येताना दिसेपर्यंत श्वास धरून बसू लागली. मुलीला सगळे मुंगी म्हणत. नाव अगदी शोभून दिसायचं. एका जागी ठरेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी दुपारचे चार वाजत आले होते. धाकटी खालच्या गच्चीवर एकटीच चहा पीत होती. आईने स्वतःच म्हटलं होतं, "जा, बस जरा निवांत. मी बघते मुंगीला." कित्येक महिन्यांत असा पूर्ण कप गरम असताना तिच्या वाट्याला आला नव्हता. तिने सहज फोन काढला.

घरचे दोन ग्रुप होते. जुन्यात जावई होता. नवा त्याला वगळून काढलेला. जुना बंद करून टाका, असं धाकटीने किती वेळा सांगितलं. पण आईचं म्हणणं, जावयाला असं हुसकावून लावणं बरं दिसत नाही, उद्या समेट झाला तर कुठल्या तोंडाने परत घ्यायचं? तेव्हा जुना ग्रुप शोभेला ठेवला होता. त्याला वाईट वाटू नये म्हणून आई त्यावर रोज सकाळी न चुकता फुलांचं चित्र टाकायची. महत्त्वाचं सगळं नव्यावर. धाकटीने जुन्याचा आवाज केव्हाच बंद करून ठेवला होता.

आईच्या फुलांमुळे जुना ग्रुप मात्र सगळ्यांच्या फोनवर कायम वर असायचा. आणि दादाने काल घाईघाईत जो वर दिसला त्यावरच लिंका टाकल्या होत्या. हॉटेलचं नाव, मजला, तिन्ही खोल्यांचे आकडे. धाकटीच्या फोनवर त्याने स्वतःच सगळं करून दिल्यामुळे तिने ते बघितलंच नव्हतं. आता बघितलं. त्याखाली, आज सकाळी, एक अंगठा उमटला होता. वर्षभर जो माणूस त्या ग्रुपवर एक अक्षर बोलला नव्हता, त्याचा अंगठा.

त्याचं शहर गाडीने अर्ध्या दिवसावर होतं.

लिफ्ट कुठल्यातरी भलत्याच मजल्यावर अडकून बसली होती. ती जिन्याने धावत वर गेली. आईच्या खोलीशी फोन धरला. आई पलंगावर पाय पसरून गुडघ्यांना बाम चोळत होती.

"आई, मुंगी कुठाय?"

"अगं, निजली. तुझ्याच खोलीत झोपवून आले."

"एकटीला?"

"दार आपोआप बंद होतं की! आणि आपण सगळे आहोतच येता-जाता. तुझा चेहरा का असा पडलाय?"

धाकटी तशीच वळली. सांगण्यात जेवढा वेळ जाईल तेवढाही तिच्यापाशी नव्हता. तिची खोली चार दारं सोडून होती. फोन कुलपाशी नेताना हात इतका हलत होता की पहिल्यांदा दार उघडलंच नाही.

मग उघडलं. पलंगावर चादर विस्कटलेली होती, उशीला लहान डोक्याचा खळगा पडलेला होता, आणि त्या उशीशेजारी तो बसला होता.

"ये," तो म्हणाला. "कुठाय ती?"

त्याच क्षणी धाकटीच्या जिवात जीव आला. त्याला माहीत नव्हतं! मुंगी त्याच्याकडे नव्हती. कुठे होती हे तिलाही माहीत नव्हतं, पण त्याच्याकडे नव्हती.

"ती आलीच नाही," धाकटी म्हणाली. "तिला मावशीकडे ठेवलंय."

त्याने पायाने पलंगाखालून एक चिमुकली चप्पल पुढे सरकवली. जांभळी, फुलपाखराची. "अनवाणी ठेवलीस का मावशीकडे?"

तिची नजर चपलेवरून दाराकडे गेली.

"फोन दे इकडे," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. तो आवाज कधीच चढवायचा नाही. त्याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची. तिने फोन दिला. त्याने तो खिशात टाकला आणि निवांत मागे टेकला. "मी चोरून नाही आलो. तुझ्या भावाने बोलावलं. चावी दिली. आता बसू थोडा वेळ. तुमच्याकडे कुणी ना कुणी आणून सोडेलच तिला."

त्याचं बरोबर होतं. सात वर्षं या घरचा जावई होता तो. या माणसांची खोड त्याला पाठ होती. पळून जावं, असं तिला क्षणभर वाटलं. पण ती पळाली तर तो उठेल, आणि पोरगी कुठल्या मजल्यावर, कुणाच्या कडेवर आहे कोण जाणे. तो इथे बसलाय तोवर तो तिच्यापर्यंत पोचलेला नाही. म्हणून ती उभी राहिली. पाठ भिंतीला लावून, दाराजवळ.

टुण.

वहिनी आत आली, हातात इस्त्री केलेल्या कपड्यांची चळत. तिने त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण जीभ मेली सवयीची गुलाम. "अय्या, भावोजी! कधी आलात? चहा सांगू?"

"सांगा ना," तो हसून म्हणाला. "मुंगी कुठाय, वहिनी?"

"वहिनी," धाकटी मध्येच म्हणाली, आणि डोळ्यांत होता नव्हता तेवढा जीव आणून तिच्याकडे बघत राहिली, "मुंगी मावशीकडे आहे ना. मी सांगितलं यांना."

वहिनी मनाने लोण्यासारखी आहे, पण तिला खूण करावी आणि ती तिला कळावी हे आजवर घडलेलं नाही. "कुठली मावशी गं? ती तर खाली ह्यांच्याबरोबर पाण्यात खेळतेय. ती जागी झाली तेव्हा हेच तर येऊन घेऊन गेले तिला..." आणि बोलता बोलता तिला उमगलं. कपड्यांवरची तिची बोटं आवळली गेली.

"मग बोलवा की वर," तो म्हणाला. "सांगा, बाबा आलाय."

वहिनीने मान डोलावली, कपडे तसेच छातीशी धरून ती बाहेर पडली, आणि पुढे पॅसेजमध्ये तिची पावलं धावायला लागलेली धाकटीला ऐकू आली. दादाला सांगेल, धाकटीने स्वतःची समजूत घातली. दादा पोरीला घेऊन दूर जाईल. कुणालाही सुचेल एवढं. पण दादाला ती जन्मापासून ओळखत होती. बहिणीवर संकट आलंय असं कळल्यावर तो आधी धावतो आणि मग विचार करतो.

तो उठून खिडकीशी गेला. खाली बघत म्हणाला, "पाण्यात कुणी दिसत नाही."

धाकटीने कान दाराकडे केला. तिने ऐकलं. लिफ्टचं दार उघडलं. ओल्या पायांचा फटफट आवाज. आणि त्या आवाजावर मुंगीचं हसू, कुणाच्यातरी कडेवर हिंदकळत येणारं, खिदळणारं. "मामा, अजून जोरात पळ!"

त्यानेही ऐकलं होतं. तो खिडकीपासून वळला आणि सावकाश, घाई नसल्यासारखा, दाराकडे निघाला.

"दादा, आत येऊ नको!" ती ओरडली. पण दादा काय ऐकतोय! टुण झालं, मूठ फिरली, दार उघडायला लागलं. फटीतून तिला ओले केस दिसले, गळ्याभोवतीची फुगवलेली रबरी ट्यूब दिसली, आणि आईला बघून उजळलेला चेहरा दिसला.

"आई, मी बुडी..."

धाकटीने सगळं अंग दारावर झोकलं. दार धाडकन बंद झालं. पलीकडे मुंगी दचकून रडायला लागली. दाराला आतून एक पितळी कडी होती, कुठल्याही फोनला न जुमानणारी. धाकटीने ती सरकवली. हात आता हलत नव्हता.

"अगं, काय करतेस? उघड!" दादा बाहेरून दार बडवत होता. "तू बाहेर ये ना!"

"तिला घेऊन खाली जा," ती दाराशी तोंड नेऊन ओरडली. "काउंटरवर जा, पोलिसांना बोलाव. मागे वळून बघू नकोस. दादा, ऐकतोयस ना? जा!"

बाहेर क्षणभर नुसतं मुंगीचं रडणं. मग ते रडणं हलायला लागलं. पॅसेजमधून दूर, आणखी दूर, लिफ्टच्या दाराआड. पार नाहीसं होईपर्यंत ती कान देऊन राहिली.

मग ती वळली. तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याचं हसू आता गेलं होतं.

"कडी काढ," तो म्हणाला.

धाकटीने पाठ कडीला टेकवली. ती घाबरली होती, आयुष्यात कधी घाबरली नव्हती इतकी. पण वर्षभर ती दोघींसाठी घाबरत आली होती. ही भीती एकटीपुरती होती, आणि एकटीपुरती तिला पेलत होती.

"नाही," ती म्हणाली.