आग्या मोहोळाखालचे पाहुणे

वडिवळ्याच्या धरणावरून वर बघितलं की काळ्या कड्यात एक जुनं लेणं दिसतं. त्याच्या तोंडावर आग्या माशांची चार मोहोळं लोंबतात, सुपाएवढी. कड्याखालच्या वाडीतली बाया दर रविवारी ताकाचा कॅन डोक्यावर घेऊन तिथं जाई आणि लेणं बघायला येणाऱ्यांना ताक विके. पंधरा वर्षांत एक माशी तिच्या वाटेला गेली नव्हती, कारण ती माशांच्या वाटेला गेली नव्हती. एवढी साधी गोष्ट होती, पण ती कळायला वाडीत जन्मावं लागतं की काय, असं तिला अलीकडे वाटायला लागलं होतं.

फाल्गुनातल्या एका रविवारी पुण्याहून बावीस जण आले. पुढं सुहास. छातीवर ‘लीडर’ लिहिलेला पट्टा. लिहिलं होतं म्हणून कळलं, असं बाया नंतर सांगायची. पायवाट सोडून मंडळी गावातल्या भिमाजीच्या हरभऱ्यातून आली आणि मूठमूठ घाटे उपटून खात वर चढली, जशी काही सासुरवाडीलाच आलीत. एकाच्या पाठीवरच्या स्पीकरवर गाणं ठणाणत होतं.

“दादा, ते गानं बंद करा. वर मोहोळ हाय,” बाया म्हणाली.

“मावशी, घाबरू नका. चाळीस किल्ले झालेत माझे,” सुहास म्हणाला.

“किल्ले झाले आसतील. ह्या माश्यांशी गाठ न्हाई पडली तुमची.”

चार जण हसले. मागून येणारी स्नेहल नावाची मुलगी तेवढी हसली नाही. “सुहास, बंद करायला सांग ना. मावशी इथल्याच आहेत.”

गाणं बंद झालं. बायाला वाटलं, चला, कान आहेत. तेवढ्यात सुहासनं पिशवीतून ड्रोन काढला.

“ते इमान नगा उडवू,” ती पुढं झाली. “त्याच्या भुणभुणीनं उठत्यात त्या. पाया पडते.”

“पाच मिनिटांचं काम आहे, मावशी. तुम्ही ताक भरा.”

ड्रोन कड्याला लागून वर गेला. मधलं एक मोहोळ काळ्या कापडासारखं सळसळलं, एकदा, दोनदा. मग ते कापड कड्यावरून सुटलंच. “पळा!” सुहास ओरडला तेव्हा तो दहा पायऱ्या खाली पोचलेला होता. लीडरनं पुढं असावं, हे मात्र त्यानं शेवटपर्यंत पाळलं.

पळापळीत स्नेहल पायरीवरून घसरली आणि तिचा घोटा मुरगळला. तिला ओलांडून सगळे गेले. बायानं कॅनखालचं गोणपाट उचललं, तिला बखोटीला धरून लेण्याच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत ओढलं आणि दोघींच्या अंगावर गोणपाट घेतलं. स्नेहल हात झाडायला लागली.

“हलू नगं. येक मारलीस तर तिच्या वासानं शंभर येत्यात.”

बायाच्या उघड्या दंडावर पाच डंख बसले. ती हलली नाही. डंखापेक्षा राग जास्त जळत होता. असल्यांना ताक पाजलं आपण, हा तो राग.

“मावशी, सॉरी,” स्नेहल रडत म्हणाली.

“तू कशापायी? तू तर सांगितलंवतंस.”

तासाभरानं आवाज थांबला. बायाच्या खांद्याचा आधार घेत स्नेहल धरणाच्या रस्त्यावर उतरली. जास्त डंख बसलेल्या सात जणांना भिमाजीनं आपल्या टेम्पोतून कामशेतच्या दवाखान्यात नेलं होतं. बाकीचे रस्त्याकडेला कण्हत बसले होते. आणि सुहास मिनीबसमध्ये, काचा लावून, मोबाइलसमोर बोलत होता, “मित्रांनो, आज काहीही कारण नसताना माशांनी हल्ला केला. पण मी सगळ्यांना सुखरूप...”

बायानं काचेवर थाप मारली. “खाली उतर.”

सकाळचे ‘दादा’ आणि ‘तुमी’ कड्यावरच राहिले होते. सुहास उतरला. कानाच्या पाळीवर एक डंख, त्यावर ओला रुमाल.

“मानसं किती आनलीवतीस?”

“बावीस.”

“खाली किती आली?”

तो इकडंतिकडं बघायला लागला.

“मला मोजलंच नाहीस ना?” स्नेहल म्हणाली.

“मी मदत आणायला आलो होतो...”

“मदत काचा लावून बसती व्हय?” बाया म्हणाली. “आन् कारन न्हाई म्हनतोस? तुझ्या घरावर कुनी आसलं घरघरतं आनलं, तर तू त्येला ताक देशील का?”

स्नेहलनं आपला मोबाइल काढून बायासमोर धरला. “मावशी, काय झालं ते तुम्हीच सांगा.” बायानं चार वाक्यांत सांगितलं. शिवी एकही नव्हती, पण सुहासला ती ऐकू आली असावी.

दवाखान्यातले सहा जण संध्याकाळी सुटले, एकाला दोन दिवस ठेवलं. बायाचा दंड आठवडाभर सुजलेला होता. स्नेहलनं ते बोलणं जसंच्या तसं सगळीकडं पाठवलं आणि सुहासच्या मागं मावळात यायला कुणी तयार होईना. आता तो म्हणे लोकांना समुद्रावर घेऊन जातो.

“तितं मोहोळ नसतं,” हे ऐकल्यावर बाया म्हणाली. “पर बरूबर जानाऱ्यांनी आदी पवायला शिकावं.”