पंतांचे ‘पाहिले’

बंडोपंत नरसीकर वसमतच्या एका कॉलेजात अधीक्षक होते आणि माणसांकडे जमाखर्चासारखं बघायचे. माणूस बोलतो किती ते जमेला, त्यातलं करतो किती ते नावे, आणि खाली उरेल ती शिल्लक. बहुतेकांचा मेळ बसायचा नाही. प्राचार्यांचा हिशोब ते मनातल्या मनातसुद्धा मांडत नसत. शेवटी नोकरी करायची होती.

त्यांचा स्वतःचा सगळा भाव मात्र एका शब्दावर चालला होता. बिल आलं की पंत ते वाचायचे, उलटून पाठ वाचायचे, दुकानदाराचा शिक्का कुठल्या गावचा ते बघायचे आणि मगच कोपऱ्यात लिहायचे, ‘पाहिले’. त्याखाली सही. न पाहता तो शब्द त्यांनी कधी लिहिला नव्हता, प्राचार्य दारात उभे राहून घड्याळ बघत असले तरी नाही. बाजारपेठेत म्हण पडली होती, पंतानं पाह्यलं म्हणजे बँकेनं पाह्यलं.

गेल्या दिवाळीपासून पंतांना दिसत नव्हतं.

अगदीच काळोख होता असं नाही. नजरेच्या मधोमध शाई सांडल्यासारखा डाग पडला होता, कडा तेवढ्या स्वच्छ होत्या. समोर माणूस आला की त्याचे कान दिसत, तोंड दिसत नसे. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग गेला, तो काही परत यायचा नाही, कडा राहतील. पंत म्हणाले, “म्हणजे समास शाबूत हाय म्हणा की.” डॉक्टर हसले नाहीत. त्यांना समासाचं महत्त्व काय कळणार? ऑडिटरनं आजवर जे काही कामाचं लिहिलं, ते समासातच लिहिलेलं.

समोरचं बघायचं तर थोडं बाजूला बघावं लागे. त्यावरून कॉलेजात बोलवा उठली, की पंत आधी तिरकं बोलायचे, आता बघतातही तिरकंच. पंतांनी ती बोलवा मोडली नाही. तिरकेपणा त्यांना परवडत होता.

घरी बायकोला, गंगूताईंना, ठाऊक होतं. कचेरीत कुणाला नाही, असं पंत धरून चालले होते.

कचेरीतलं काम आता कागदावर कमी आणि संगणकावर जास्त झालं होतं. एकानं बिल भरायचं, तो मेकर. दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचं, तो चेकर. एका हातानं स्वयंपाक करावा, दुसऱ्या जिभेनं चव बघावी, एवढाच मतलब. मेकर होती सपना पाईकराव, चेकर पंत. सपनाचे वडील जळबा याच कॉलेजात शिपाई होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी पोरगी अनुकंपेवर लागली. तिचा कायम होण्याचा आदेश अजून यायचा होता.

दिवाळीनंतर पंत तिला म्हणाले होते, “पाईकराव मॅडम, चष्म्याचा नंबर बदललाय. जरा वाचून दाखवा.” तेव्हापासून ती दुपारी त्यांच्या टेबलाशी बसून बिलं वाचायची आणि पंत डोळे मिटून ऐकायचे. लोक म्हणत, पंतांनी बिलांचं पारायण लावलंय. ते मध्येच थांबवत, “दर पुन्हा सांग,” म्हणत, आणि शेवटी हुंकार देऊन, कागदाच्या कोपऱ्यात सवयीनं ‘पाहिले’ लिहून मंजुरीचं बटण दाबत. एका सोमवारी त्यांच्या बोटाला कळफलकावरच्या त्या बटणावर काहीतरी टणक, गुळगुळीत लागलं. नेलपॉलिशचा वाळलेला थेंब. बोट आपसूक तिथंच जाऊन थांबावं एवढाच. पंतांनी पुढचं बिल मागितलं, सपनानं वाचायला घेतलं. दोघांनी ती शिल्लक पुढच्या पानावर ओढली.

मग विद्यापीठाचं पत्र आलं. संलग्न कॉलेजांच्या कर्मचाऱ्यांसाठी वित्तीय प्रशासनाचं प्रशिक्षण, हिंगोलीत, एक दिवस. मेकर आणि चेकर दोघांनी जातीनं हजर राहायचं. सपना वाचता वाचता शेवटच्या ओळीवर अडखळली.

“सर, दुपारून प्रात्यक्षिक हाय. मेकर एकीकडं, चेकर दुसरीकडं बसवणार म्हनं.”

“बसवू दे की.”

“रजा टाका ना सर. पाठ दुखते म्हणा.”

“पाठीनं काय घोडं मारलंय माझं?” पंत म्हणाले.

आजवरचं एकही प्रशिक्षण त्यांनी चुकवलं नव्हतं. हे चुकवलं असतं तर कचेरीनं संध्याकाळपर्यंत त्याचं कारण हुडकून काढलं असतं. पंत गेले.

हिंगोलीच्या सभागृहात शिकवायला गुंजन मॅडम होत्या, विद्यापीठाच्या वित्त विभागातल्या. आवाजावरून पंतांनी वय काढलं: आपल्या धाकट्या लेकीएवढी. वर्ग मात्र हातात ठेवणारी. मेकर-चेकरचं समजावताना तिनंही स्वयंपाकाचाच दाखला दिला, तेव्हा पंतांना राहवलं नाही.

“मॅडम, आमच्या घरी चव बघायचं काम माझंच हाय. पन मीठ कमी हाय म्हणायची सोय न्हाई.”

हॉल हसला. मॅडमही हसल्या, पण लगेच म्हणाल्या, “सर, कचेरीत ती सोय आहे. वापरत नाही तुम्ही लोक. बिल परत पाठवायचं बटण मंजुरीच्या शेजारीच असतं.”

पंतांनी मनात तिच्या जमेला एक रक्कम टाकली.

जेवणानंतर मेकर खिडक्यांच्या बाजूला बसले, चेकर भिंतीच्या. मध्ये मोठी मोकळी जागा. प्रत्येक मेकरच्या हातात एका बिलाचा कागद दिला होता. त्यानं ते भरून पलीकडं आपल्या चेकरकडं पाठवायचं. पंतांच्या शेजारी शिरड शहापूरचा भावसिंग राठोड बसला होता. भाषणभर तो घोरत होता. आता जागा होऊन पडद्याला नाक लावून बसला.

पंतांसमोर पडदा उजळला. मधोमध डाग, चारी बाजूंनी पांढरं. त्यांनी नजर डावीकडं नेली, उजवीकडं नेली. कागदावरचं मोठं अक्षर कडेनं थोडंफार लागायचं. पडद्यावरच्या या मुंग्या काही केल्या लागेनात. त्यांनी बोटांनी बटणं चाचपली. थेंब नव्हता.

“भावसिंग,” ते हळूच म्हणाले, “काय लिहिलंय बघ बरं जरा. चष्मा घरी राहिला.”

“चष्मा तं नाकावर हाय की पंत तुमच्या!” भावसिंग म्हणाला, आणि त्याचं हळू बोलणंही तांड्यावरून हाक मारल्यासारखं असे. मागच्या ओळीत कोणीतरी फिसकन हसलं.

“हा दूरचा हाय,” पंत म्हणाले.

दुसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही. पडद्याच्या खालच्या कडेला एक हिरवा डाग होता आणि त्याच्याशेजारी एक तांबडा. हिरवा म्हणजे मंजूर, एवढं त्यांना कळत होतं. सपनानं भरलंय, म्हणजे बराबरच असणार, असं ते मनाशी म्हणाले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांना अगदी याच वाक्यासाठी त्यांनी आजवर झाडलं होतं. त्यांनी माउस सरकवून हिरवा दाबला.

थोड्या वेळानं मॅडमनी सगळ्यांची बिलं भिंतीवर लावली.

“कागदात मी मुद्दाम खोट ठेवली होती. मेकरनं जसं आहे तसं भरलं, त्याचा दोष नाही. त्याच्या हातात फक्त कागद होता. बँकेची नोंद चेकरच्या पडद्यावर दिसत होती. बिल पुनमचंद नावाच्या दुकानदाराचं, आणि खातं कोणाचं?”

“मिराबाईचं!” भावसिंग ओरडला. “म्या म्हनलं, ही कोन आनखी? दिलं परत धाडून.”

हॉल पुन्हा हसला. बहुतेकांनी परत पाठवलं होतं. ज्यांनी मंजूर केलं त्यांची नावं मॅडम वाचू लागल्या, आणि वसमतवर येऊन थांबल्या.

“हे बिल उघडलं आणि लगेच मंजूर झालं. वाचायला लागतो तेवढाही वेळ गेलेला नाही. असं दोनच कारणांनी होतं. एक तर चेकर वाचतच नाही, नाही तर त्याचा पासवर्ड मेकरकडे असतो आणि चेकरला सवयच राहिलेली नाही.” त्या खिडकीकडं वळल्या. “पाईकराव मॅडम, तुमच्याकडं पासवर्ड कोण वापरतं?”

सपना उभी राहिल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज पंतांनी ऐकला.

“सरच वापरतात.”

“मग आज असं कसं झालं?”

“चूक माझी हाय मॅडम. मीच इकडून सरांना खुणावलं, बराबर हाय म्हणून. त्यांनी माझ्यावर इसवास ठेवला.”

“भर प्रशिक्षणात खुणावलं?” मॅडमचा आवाज उतरला. “मला हे लिहावं लागेल. तुमच्या प्राचार्यांकडं जाईल ते. तुम्ही कायम आहात का?”

“न्हाई,” सपना म्हणाली.

पंतांनी हिशोब मांडला. मांडायला फार वेळ लागला नाही. जळबाच्या जागी लागलेली पोरगी, न आलेला आदेश, त्यावर हा शेरा. आणि दुसऱ्या बाजूला आपण, नाकावर चष्मा घालून बसलेले. ते टेबलाला धरून उठले.

“मॅडम, तिनं खुणावलं असतं तरी मला दिसलं नसतं.”

हॉलला वाटलं, पंतांचा आणखी एक विनोद. दोघे-चौघे हसलेही, आणि मग त्यांचं हसणं जागीच विझलं. पंत मॅडमशी बोलत होते आणि बघत होते बाजूच्या भिंतीकडं.

मॅडम जवळ आल्या. “कधीपासून, सर?”

“दिवाळीपासून. मधलं गेलंय. ती वाचते, मी ऐकतो, बटण मी दाबतो. पासवर्ड माझ्याच बोटात हाय. आज ती वाचायला शेजारी नव्हती, आणि मी न पाहता दाबलं. तिनं काही खुणावलं न्हाई. खोटं बोलून राहिली ती, माझ्यापायी.”

शेजारी भावसिंग पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात म्हणाला, “पंत, म्या उगंच बोललो हो चष्म्याचं.”

“डोळ्यांमुळं नोकरी जात नाही सर,” मॅडम म्हणाल्या. “तसा कायदा आहे. दुसरं काम द्यावं लागतं, पगार तोच. तुम्ही सांगायला हवं होतं.”

“मी नोकरीचं म्हणत न्हाई मॅडम,” पंत म्हणाले. “दिवाळीपासून ज्या ज्या बिलावर माझं ‘पाहिले’ गेलं, ते खोटं गेलं. पैसा बराबर गेला असंल. शब्द खोटा गेला.”

मॅडमनी हातातली यादी मिटली. त्या म्हणाल्या, “उद्याच्या उद्या प्राचार्यांना लेखी द्या. त्याची प्रत मला पाठवा. ती आल्यावरच मी काय ते लिहीन. दोघांबद्दल.”

स्टँडवर वसमतची गाडी लागायची होती. सपना बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, मध्ये दोन पिशव्या.

“काहून सांगितलं सर?” ती शेवटी म्हणाली. “मी निभावलं असतं.”

“तू निभावलं असतंस. मला झोप आली नसती.”

“आन आता येईल?”

नरसीकडून आलेल्या एका गाडीतून माळकरी उतरत होते. पंतांना त्यांच्या पताकांची टोकं तेवढी दिसत होती, कडेनं.

“जळबा एकदा माझ्यावर चिडला होता,” ते म्हणाले. “टपाल न्यायची घाई होती आणि मी पाकीट उघडून पुन्हा वाचायला बसलो. म्हणाला, पंत, तुमी देवाचं बी दर्शन बिल मागून घेत असाल.”

सपनाला हसू आलं, आणि मग तिनं ओढणीनं तोंड झाकून घेतलं. गाडी लागेपर्यंत ती तशीच बसली.

दुसऱ्या दिवशी पंतांनी कोरे कागद मागितले.

“सांगा सर, टाईप करते.”

“न्हाई. आज मेकर मी.”

त्यांनी हातानं लिहिलं. डाव्या हाताचा अंगठा ओळीवर ठेवायचा, उजव्यानं लिहायचं, मग अंगठा खाली सरकवायचा. ओळी डोंगर चढल्यासारख्या वर जात होत्या. एक तर दुसरीच्या अंगावर बसली. ज्यांच्या अक्षराचे नमुने एके काळी नव्या कारकुनांना दाखवत, त्यांचा हा कागद. सपना तो मोठ्यानं वाचू लागली. मधला भाग गेल्याचं त्यात होतं, मंजुरीच्या कामातून मोकळं करा असं होतं, दिवाळीपासूनची बिलं पुन्हा तपासून घ्यावीत असंही होतं. ती थांबली.

“सर, ही ओळ चुकली.”

“कोणती?”

“‘श्रीमती पाईकराव यांना माझ्या दृष्टीबद्दल कल्पना नव्हती.’”

“बराबर हाय ती. पुढं वाच.”

“मला कल्पना होती.”

“पाईकराव, तुझा आदेश यायचाय अजून.”

“तो नेलपॉलिशचा थेंब काय आपोआप उगवला काय सर, बटणावर?” तिनं कागद त्यांच्यापुढं सरकवला. “परत. दुरुस्त करून द्या.”

पंतांनी सवय मोडून सरळ तिच्याकडं बघितलं. तिचा कान दिसला, कानातली बारीक रिंग दिसली, आणि चेहऱ्याच्या जागी तो डाग. त्यांनी दुसरा कागद घेतला आणि अंगठा ठेवून पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली. त्या ओळीशी आले तेव्हा त्यांनी अंगठा पुन्हा चाचपून नीट बसवला. मग त्यांनी लिहिलं: श्रीमती पाईकराव यांना कल्पना होती, त्यांनी एकही बिल चुकीचे वाचले नाही.

सपनानं पुन्हा वाचलं. पेन उघडलं.

“कुठं लिहू?”

“समासात. आणि अक्षर मोठं काढ.”

तिनं समासात ‘पाहिले’ लिहिलं, एवढ्या मोठ्या अक्षरात की कागद कडेनं भरला. पंतांनी कागद उचलला, डोळ्यांसमोर धरला, आणि मग हळूहळू एका बाजूला नेला, डाग संपतो तिथपर्यंत.

“हि ऱ्हस्वच काढलीस ना?” त्यांनी विचारलं.

“तुमीच बघा,” सपना म्हणाली.

पंत बघत राहिले.